पेनड्राइव्हवरचं लिनक्स बंद केलं की सगळं विसरतं, आणि नव्या लॅपटॉपवर तर उठतच नाही

तुमची अडचण मला समजली ती अशी. रुफस (पेनड्राइव्ह बूटेबल बनवणारं विंडोजचं सॉफ्टवेअर) वापरून ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू या लिनक्सची आयएसओ, म्हणजे अख्खी सीडी एका फाइलमध्ये, टाकलीत. घरातल्या जुन्या डेस्कटॉपला तो लावलात, लिनक्स सुरू झालं. वायफायचा पासवर्ड टाकला, ब्राउझरमध्ये लॉगिन केलं, दोन-तीन सॉफ्टवेअर घातली. दुसऱ्या दिवशी परत सुरू केलं तर पाटी कोरी. त्यात भावाच्या नव्या लॅपटॉपवर तोच पेनड्राइव्ह, कशावरून सुरू करायचं त्या यादीत दिसतसुद्धा नाही. भावाच्या विंडोजला धक्का लागता कामा नये, ही तुमची अट. आणि तुम्ही विचारताय की रुफसने पेनड्राइव्ह नीट बनवला नाही का, दुसरं एखादं सॉफ्टवेअर वापरून बघू का.

निदान डेस्कटॉपपुरता पेनड्राइव्ह व्यवस्थित बनलाय. तसा नसता तर डेस्कटॉपवरही उठला नसता. सॉफ्टवेअर बदलून तुमच्या दोनपैकी एकही अडचण सुटणार नाही, कारण दोन्हींचं मूळ वेगवेगळं आहे आणि दोन्हींत दोष रुफसचा नाही. मी बरीच वर्षं एक कॉम्प्युटर लॅब सांभाळतोय. पेनड्राइव्ह हातात घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा घोळ 'बूटेबल' (ज्यावरून कॉम्प्युटर सुरू होतो असा) या एका शब्दापाशी झालेला असतो.

हा शब्द आपण चार वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक, इन्स्टॉलर: हार्डडिस्कवर सिस्टिम टाकायची आणि पेनड्राइव्ह खणात ठेवून द्यायचा. दोन, लाइव्ह: कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरूनच चालतो, पण काही लक्षात ठेवत नाही. तीन, लक्षात ठेवणारं लाइव्ह, ज्याला सगळीकडे पर्सिस्टन्स म्हणतात. आणि चार, पेनड्राइव्हलाच हार्डडिस्क समजून त्यावर केलेलं पुरतं इन्स्टॉलेशन. उबुंटूच्या एकाच आयएसओत पहिली आणि दुसरी गोष्ट मिळते. तुम्हाला हवी आहे तिसरी किंवा चौथी.

विसरतं का, ते आधी सांगतो, कारण ते कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात. आयएसओ हा प्रकारच मुळात सीडीचा. सीडीवर एकदा छापलं ते छापलं, नंतर त्यात अक्षर बदलता येत नाही. पण चालू सिस्टिमला तर सतत काहीतरी लिहावं लागतं: लॉग, सेटिंग, ब्राउझरचा कॅश. नॉपिक्ससारखी लाइव्ह सीडी २००० साली आली तेव्हापासून हाच पेच आहे. आज तो असा सोडवतात: मूळ सिस्टिम दाबून बसवलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलींत असते, आणि तिच्यावर एक लिहिता येणारा थर पांघरलेला असतो. छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर पेन्सिलीने खुणा कराव्यात, तसं. तुम्हाला नकाशा आणि खुणा एकत्रच दिसतात, पण नकाशा कोराच राहतो. लाइव्हमध्ये हा पारदर्शक कागद रॅममध्ये असतो. वीज गेली की कागद गेला. तुमचा पासवर्ड, लॉगिन, सॉफ्टवेअर, सगळं त्या कागदावर होतं.

पर्सिस्टन्स म्हणजे तोच कागद रॅमऐवजी पेनड्राइव्हवरच्या वेगळ्या पार्टिशनमध्ये, म्हणजे स्वतंत्र कप्प्यात, ठेवणं. चौथा प्रकार म्हणजे नकाशाच नव्याने, खोडता येईल अशा शाईने काढणं.

आता कुठला घ्यायचा हे तुम्ही काय करणार आहात त्यावर आहे, आणि ते तुमच्या प्रश्नात आलेलं नाही. फक्त फाइली जपायच्या असतील तर खरं म्हणजे दोन्ही नकोत. साधं लाइव्ह चालवा आणि फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. दर वेळी कोरी पाटी मिळणं हा काही कामांत गुणच आहे. अनोळखी मशीनवर बसून बँकेचं काम करायचं असेल तर मी मुद्दाम न लक्षात ठेवणारं लाइव्हच वापरतो. सेटिंग आणि चार सॉफ्टवेअर टिकली पाहिजेत, आठवड्यातून एक-दोनदा वापरणार, एवढीच गरज असेल तर पर्सिस्टन्स पुरेल. रोज काही तास काम करायचं असेल, अपडेट घ्यायचे असतील, तर पुरतं इन्स्टॉलेशन करा. आणि ते पेनड्राइव्हवर न करता बाहेरून लावायच्या एसएसडीवर (चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्कवर) करा.

पेनड्राइव्हवर का नको, ते एकदा बघाल तर पटेल. माऊसचा बाण फिरत असतो, पण ब्राउझरची खिडकी राखाडी पडलेली. क्लिक करा, काही नाही. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत राहतो, पंधरा-वीस सेकंदांनी एकदम सगळं जागं होतं, आणि मघाचे पाचही क्लिक एका दमात लागतात. लोक म्हणतात, रॅम कमी पडतेय. रॅमचा दोष नसतो. पेनड्राइव्ह मोठी फाइल सलग लिहायला बरा असतो, पण चालू सिस्टिम चार-चार केबीचे हजारो तुकडे इकडेतिकडे लिहीत असते, आणि स्वस्त पेनड्राइव्हचा कंट्रोलर तिथे गुडघे टेकतो. खोक्यावर छापलेला वेग सलग वाचण्याचा असतो, तो या कामात निरुपयोगी. यूएसबी २.० चा पोर्ट असेल तर त्यात भर. कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ६० मेगाबाइट, हातात पडतात तीस-पस्तीस. यूएसबी ३.० कागदावर ५ गिगाबिटचा आहे. निळा पोर्ट दिसला तर तिथेच लावा.

पर्सिस्टन्स करायचं ठरवलंत तर रुफस पुरेसा आहे. तुम्ही पहिल्या वेळी बहुधा एक सरकपट्टी पाहिली आणि सोडून दिलीत. आयएसओ निवडल्यावर 'पर्सिस्टंट पार्टिशन साइज' अशी ओळ येते, ती शून्यावर असते. तुमच्या ३२ जीबीत ती पंधरा-वीस जीबीवर न्या. उबुंटू आणि डेबियनच्या घराण्यातल्या बऱ्याच आयएसओंना ती चालते. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी ती दिसतच नाही. मग स्टार्ट दाबल्यावर रुफसने आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारलं, तर आयएसओ मोडच घ्या. डीडी मोडमध्ये आयएसओची जशीच्या तशी नक्कल पेनड्राइव्हवर उतरते आणि रुफस लक्षात ठेवायची जागा बनवत नाही.

या दोन मोडचा उगम मजेशीर आहे म्हणून थोडं विषयांतर करतो. आयएसओ ९६६० या मांडणीत सुरुवातीचे ३२ केबी मोकळे सोडलेले असतात. सीडीला त्यांचा उपयोग नसतो. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की हार्डडिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये जो बूट कोड असतो तो या रिकाम्या जागेत बसवता येतो. म्हणजे एकच फाइल सीडीवर गेली तर सीडी, आणि पेनड्राइव्हवर गेली तर हार्डडिस्क असल्याचं सोंग. आज बहुतेक लिनक्सच्या आयएसओ अशा दुहेरी असतात, म्हणून त्या नुसत्या डीडीने उतरवल्या तरी उठतात. नुसती आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली तर मात्र काही होत नाही, कारण मग तो पहिला सेक्टर जागेवर न येता कुठेतरी मधे, एका फाइलच्या पोटात पडून राहतो. डीडी मोडने बनवलेला पेनड्राइव्ह विंडोजला लावला तर विंडोज कधी चारदोन एमबी दाखवतं, कधी 'फॉरमॅट करू का' विचारतं. पर्सिस्टन्सच्या पार्टिशनलाही तोच प्रश्न येऊ शकतो, कारण त्याची मांडणी विंडोजला वाचता येत नाही. दर वेळी नाही म्हणा. एकदा सवयीने हो म्हटलंत की सगळं पहिल्यापासून.

पर्सिस्टन्सची एक मर्यादा आधीच सांगून ठेवतो, कारण लोक तिथे फसतात. पूर्ण सिस्टिम अपडेट करू नका. नकाशा कोराच आहे हे लक्षात घ्या. एखादं पॅकेज अपडेट केलंत तर जुनं खाली तसंच राहतं आणि नवं वरच्या कागदावर जातं, म्हणजे जागा दोनदा खाल्ली जाते. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तर बदलतच नाही, कारण तो मूळ आयएसओच्या फोल्डरातून उचलला जातो. नवा कर्नल कागदावर येऊन बसतो आणि त्याला कुणी विचारत नाही. कागद भरला की एके दिवशी डेस्कटॉप उघडतच नाही. ब्राउझर आणि तुम्ही घातलेली दोन-तीन सॉफ्टवेअर तेवढी अपडेट करा. वर्ष-सहा महिन्यांनी नवी आयएसओ घेऊन पेनड्राइव्ह नव्याने बनवा.

पुरत्या इन्स्टॉलेशनबद्दल जास्त लिहितो, कारण तुमची अट मोडण्याची खरी भीती इथेच आहे, आणि मी ती एकदा मोडून बसलोय.

एका मित्राच्या लॅपटॉपवर बसून मी माझ्या एसएसडीवर लिनक्स टाकलं. लाइव्ह पेनड्राइव्ह एका पोर्टला, एसएसडी दुसऱ्याला. इन्स्टॉलरने डिस्क विचारली, मी एसएसडी निवडली, दोनदा तपासली. सगळं सुरळीत झालं. एसएसडी काढली, लॅपटॉप परत दिला. अर्ध्या तासात फोन: काळा पडदा, वर डाव्या कोपऱ्यात 'ग्रब' ही अक्षरं, पुढे एक बाण आणि लुकलुकणारा कर्सर. विंडोज कुठे गेलं?

विंडोज जागेवरच होतं. झालं होतं असं: यूईएफआयच्या मशीनमध्ये (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या जुन्या बायोसच्या जागी आलेली ही नवी पद्धत) आतल्या डिस्कवर ईएफआय नावाचं एक छोटं पार्टिशन असतं, बूट करणारे प्रोग्राम तिथे राहतात. इन्स्टॉलरने सिस्टिम माझ्या एसएसडीवर टाकली खरी, पण बूटलोडर (सिस्टिम उठवणारा प्रोग्राम, लिनक्सचा तो ग्रब) मात्र पहिलं सापडलेलं ईएफआय पार्टिशन धरून तिथे ठेवला, म्हणजे मित्राच्या डिस्कवर. वर मदरबोर्डच्या यादीत स्वतःचं नाव पहिलं लावलं. माझी एसएसडी काढून घेतल्यावर ग्रब उठत होता, आपली बाकीची फाइल शोधत होता, आणि ती सापडत नाही म्हणून बाण दाखवून थांबत होता. फोनवरून बायोस सेटिंगमध्ये जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला करायला सांगितलं आणि विंडोज सुरू झालं. नुकसान शून्य, पण तो अर्धा तास काही बरा गेला नाही. आणि गंमत अशी की माझी एसएसडी दुसऱ्या कुठल्याच मशीनवर उठेना, कारण तिचा बूटलोडर मित्राकडे राहिला होता!

तेव्हापासून माझा नियम: बाहेरच्या ड्राइव्हवर इन्स्टॉल करताना आतली डिस्क कॉम्प्युटरला दिसताच कामा नये. म्हणून हे काम भावाच्या लॅपटॉपवर करू नका, तुमच्या डेस्कटॉपवर करा. डेस्कटॉप बंद करा, वायर काढा, आतल्या हार्डडिस्कची साटा केबल उपसा, मग लाइव्ह पेनड्राइव्ह आणि एसएसडी लावून इन्स्टॉल करा. जी डिस्क जोडलेलीच नाही तिच्यावर कुठलाही इन्स्टॉलर चुकून काही लिहू शकत नाही. इन्स्टॉलरमध्ये डिस्क नीट निवडली की पुरे, असं तुम्हाला सांगणारे भेटतील. मीही नीटच निवडली होती.

पण यात एक पाचर आहे. तुमचा डेस्कटॉप 'जुना' म्हणजे किती जुना? तो जुन्या पद्धतीच्या बायोसने चालत असेल तर त्यावर केलेलं इन्स्टॉलेशनही जुन्या पद्धतीचं होईल आणि भावाच्या नव्या लॅपटॉपवर उठणार नाही. तपासायला सोपं आहे. डेस्कटॉपवर लाइव्ह लिनक्स सुरू करा, फाइल मॅनेजरमध्ये सगळ्यात वरच्या पातळीवर जा, 'सिस' फोल्डर उघडा, त्यात 'फर्मवेअर'. तिथे 'ईएफआय' नावाचं फोल्डर दिसलं तर यूईएफआय, नसेल तर बायोस. नसलं तरी लगेच खचू नका. कित्येक मशीनला दोन्ही येतं आणि सेटिंगमध्ये 'लेगसी', म्हणजे जुनी बायोस पद्धत, निवडलेलं असतं; पण तिथलं विंडोज लेगसीवर बसवलेलं असेल तर काम झाल्यावर सेटिंग पूर्ववत करायला विसरू नका. मशीन खरोखरच निव्वळ बायोसचं निघालं तर मी व्हर्च्युअलबॉक्सचा आडमार्ग घेतो: हार्डडिस्क नसलेलं एक खोटं मशीन बनवायचं, त्यात ईएफआय चालू करायचं, आयएसओ लावायची, आणि यूएसबीच्या यादीतून खरी एसएसडी त्याच्या हवाली करायची. इन्स्टॉलरला दिसते ती फक्त एसएसडी. वेळ जास्त लागतो, पण मन निवांत असतं.

इन्स्टॉल झाल्यावर एसएसडीच्या ईएफआय पार्टिशनमध्ये डोकावा. 'ईएफआय' फोल्डर, त्यात 'बूट', त्यात 'बूटएक्स६४ डॉट ईएफआय' ही फाइल पाहिजे. अनोळखी मशीन बाहेरच्या ड्राइव्हवर नेमकी हीच फाइल शोधतं. फक्त 'उबुंटू' नावाचं फोल्डर असेल आणि 'बूट' नसेल, तर ज्या मशीनवर इन्स्टॉल केलं त्याच्याशिवाय ती कुठेही उठणार नाही. मग ग्रब पुन्हा बसवावा लागतो, 'रिमूव्हेबल' हा पर्याय देऊन.

इथवर झाली पहिली अडचण: न विसरण्यासाठी एक तर सरकपट्टी, नाहीतर एसएसडी. आता भावाचा लॅपटॉप.

पेनड्राइव्ह यादीत दिसतच नाही, असं तुम्ही म्हणता. ही गोष्ट 'दिसतो पण उठत नाही' यापेक्षा वेगळी आहे, म्हणून ती नेमकी सांगितलीत हे बरं केलंत. जुना बायोस पेनड्राइव्हच्या पहिल्या ५१२ बाइटांकडे बघतो. शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए असे असले की त्याचं समाधान होतं, मग आत काहीही असो. यूईएफआयला त्या ५१२ बाइटांमधल्या कोडशी देणंघेणं नसतं. त्याला फॅट प्रकारचं पार्टिशन हवं आणि त्यात वर सांगितलेली ती फाइल हवी. म्हणजे जुन्या डेस्कटॉपवर उठलेला पेनड्राइव्ह नव्या लॅपटॉपला अदृश्य असणं अगदी शक्य आहे. विंडोजमध्ये तुमचा पेनड्राइव्ह उघडून बघा. 'ईएफआय', 'बूट', आणि ती फाइल दिसतेय का? प्रॉपर्टीजमध्ये फॅट३२ लिहिलंय की एनटीएफएस? रुफसमध्ये फाइल सिस्टिम एनटीएफएस केली असेल तर काही लॅपटॉप ते वाचतात, काही नाही. लिनक्ससाठी फॅट३२ ठेवा. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही; विंडोजच्या इन्स्टॉलरला तो त्रास होतो, उबुंटूच्या आयएसओत सहसा होत नाही.

हे सगळं जागेवर असेल तर माझा संशय लॅपटॉपच्या शटडाउनवर आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन पुरतं होत नाही, सिस्टिमचा गाभा झोपवून डिस्कवर ठेवला जातो. त्यात काही लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये 'फास्ट बूट' असतं, जे वेळ वाचवायला यूएसबी तपासतच नाही. बटण दाबून एफ१२ बडवत बसण्याऐवजी (शिवाय कुठे एफ९, कुठे एफ११, कुठे एस्केप) हे करा: लॅपटॉप विंडोजमध्ये सुरू असतानाच पेनड्राइव्ह लावा, शिफ्टचं बटण दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. निळा पडदा येईल, त्यात 'यूज अ डिव्हाइस' असा पर्याय असतो. तिथे पेनड्राइव्हचं नाव दिसलं तर निवडा. काही बदलायचं नाही, काही बिघडायचं नाही. हब वापरू नका, पेनड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या पोर्टलाच लावा.

नाव दिसलं, निवडलं, आणि मग लाल चौकटीत 'सिक्युरिटी व्हायोलेशन' किंवा तसं काही आलं तर तो सिक्युअर बूट, म्हणजे मान्य सही नसलेला बूटलोडर अडवणारी लॅपटॉपची सोय. पहिल्याच फटक्यात तो बंद करू नका. उबुंटू, फेडोरा, आणि २०१९ च्या डेबियन १० पासून डेबियन, हे सगळे सिक्युअर बूट चालू असतानाही उठतात, कारण त्यांच्या बूटलोडरवर लॅपटॉपला मान्य असलेली सही असते. अडतं ते दोन कारणांनी. एक, आयएसओ जुनी असते: ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने कित्येक जुन्या बूटलोडरना नामंजूर यादीत टाकलं, तेव्हा अनेकांची लिनक्स एका रात्रीत अडून बसली. नवी आयएसओ घेतली की काम होतं. दुसरं, काही नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टशिवाय इतरांच्या सहीला परवानगी देणारा वेगळा पर्याय असतो, 'थर्ड पार्टी सीए' अशा नावाचा, आणि तो कंपनीकडूनच बंद येतो.

या दुसऱ्या पर्यायाला हात लावण्याआधी, किंवा सिक्युअर बूटच्या कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी, भावाला एक गोष्ट विचारा: बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कुठे आहे? नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआपच कुलूपबंद केलेली असते, मालकाला पत्ताही नसतो. सेटिंग बदललं की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी की मागतं. ती सहसा त्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आधी ती कागदावर उतरवून घ्या. की नसेल तर त्या लॅपटॉपवर पुढे जाऊ नका, हे मी अगदी ठामपणे सांगतोय.

तुम्हाला कुणीतरी व्हेंटॉय सुचवेल. २०२० साली आलेलं हे साधन मलाही आवडतं. एकाच पेनड्राइव्हवर दहा आयएसओ नुसत्या कॉपी करून टाकायच्या आणि सुरू करताना हवी ती निवडायची. माझ्या बॅगेत कायम एक असतो. पण सिक्युअर बूट चालू असेल तर ते पहिल्या वेळी आपली किल्ली लॅपटॉपमध्ये नोंदवून घेतं. तुमची अट धरली तर ते बसत नाही.

आता अट धरलीच आहे तर 'धक्का न लागणं' म्हणजे काय तेही बघू, कारण डिस्कवर काही न लिहिताही लॅपटॉपवर खुणा राहतात. एसएसडीवरचं उबुंटू सुरू झाल्यावर लॅपटॉपच्या बूट यादीत स्वतःच्या नावाची एक ओळ जोडू शकतं. निरुपद्रवी आहे, पण भाऊ विचारेल. घड्याळही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं. तुम्ही तासभर इंटरनेट लावून काम केलंत की परत गेल्यावर विंडोजचं घड्याळ काही तास चुकलेलं दिसेल. वेळ ऑनलाइन जुळवून घेतली की झालं. आणि फाइल मॅनेजरच्या डाव्या बाजूला भावाची डिस्क एका क्लिकवर उघडेल अशी दिसत असते, तिथे जाऊ नका. फास्ट स्टार्टअपने झोपवलेल्या डिस्कवर जबरदस्तीने लिहिलं तर विंडोज उठल्यावर फाइली बिघडू शकतात. लिनक्स अशी डिस्क सहसा फक्त वाचण्यापुरतीच उघडतं किंवा उघडायला नकार देतं, आणि मग लोक नेटवर शोधून ती सक्तीने उघडायची कमांड चालवतात. ती चालवू नका.

दोन किरकोळ गोष्टी. आयएसओ उतरवल्यावर तिचा एसएचए२५६, म्हणजे फाइलीवरून काढलेला ठशासारखा आकडा, वेबसाइटवरच्याशी जुळवून बघा. अर्धवट डाउनलोड झालेली फाइल इथेच पकडली जाते. आणि फाइल अधिकृत ठिकाणाहूनच घ्या, तिथेही डोळे उघडे ठेवून: फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटची वेबसाइट फोडून डाउनलोडची लिंक मागचं दार ठेवलेल्या आयएसओकडे वळवली होती. पेनड्राइव्ह अनोळखी ब्रँडचा असेल तर एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यूने त्याची खरी क्षमता मोजा. ६४ जीबी छापलेला पण आत आठच जीबी असलेला पेनड्राइव्ह बूट होतो, छान चालतो, आणि आठ जीबी भरल्यावर आधी लिहिलेलंच खाऊ लागतो.

आधी शिफ्ट आणि रीस्टार्ट करून बघा, पेनड्राइव्ह आहे तसाच ठेवून. तरीही नाव दिसलं नाही तर लॅपटॉपचं मॉडेल, पेनड्राइव्हची फाइल सिस्टिम, आणि त्या 'ईएफआय' फोल्डरात नेमक्या कुठल्या फाइली आहेत ते कळवा. त्यात 'बूटएक्स६४' ऐवजी 'बूटआयए३२' अशी एकच फाइल असेल तर आयएसओच चुकीच्या प्रोसेसरची उतरली आहे. मग बाकी काही तपासायची गरज नाही, योग्य आयएसओ घ्या आणि पेनड्राइव्ह परत बनवा.